गाऊटचा भडका, सांध्यातले स्टेरॉइड इंजेक्शन आणि नंतरचे सहा आठवडे

गटारी होऊन तीन दिवस झाले होते. ठाणे पूर्वेच्या चेंदणी कोळीवाड्यात राहणारे ६१ वर्षांचे एक काका मुलाच्या खांद्यावर भार टाकून, उजवा पाय जमिनीला न टेकवता माझ्या तपासणीच्या खोलीत आले. रात्री झोपेपर्यंत गुडघा ठीक होता. पहाटे तीनच्या सुमारास ठणक्याने जाग आली आणि उजाडेपर्यंत गुडघा टम्म फुगला. कापडाचा स्पर्शही सोसत नव्हता, म्हणून त्यांनी पायजम्याची उजवी बाजू मांडीपर्यंत गुंडाळून घेतली होती. कातडी लाल, ताणलेली आणि चकाकणारी होती आणि वाटीचा उंचवटा सुजेत पूर्ण बुडाला होता. सोबत ११ वर्षांचा मधुमेह, रक्तदाबाची गोळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील आकडा) १.९ आणि औषधाच्या दुकानातून आणून सकाळीच घेतलेली एक वेदनाशामक गोळी, इतका ऐवज होता. बसण्याआधीच ते म्हणाले, "डॉक्टर, गोळ्या कितीही द्या, पण ते गुडघ्यातलं इंजेक्शन नको. एकदा घेतलं की सारखं घ्यावं लागतं म्हणतात."

हा समज मी इतक्यांदा ऐकला आहे की तो कुठून येतो याचे उत्तर आता माझ्याकडे आहे. इंजेक्शनने दोन दिवसांत सूज उतरते, माणूस कामाला लागतो, ज्यामुळे हा गाऊट होतो त्या युरिक ॲसिडकडे कोणी पाहत नाही आणि चार-सहा महिन्यांनी तोच सांधा पुन्हा पेटतो. दोष इंजेक्शनवर येतो. खरे तर अर्धवट सोडलेल्या उपचाराचा तो परिणाम असतो. म्हणून या लेखात इंजेक्शनच्या दिवसाइतकीच जागा मी त्यानंतरच्या देखरेखीला दिली आहे.

सांध्यात नेमके काय घडते

रक्तातील युरिक ॲसिड साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर राहू लागले की ते विरघळलेल्या अवस्थेत टिकत नाही आणि त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साठू लागतात. हाच गाऊट. ते वर्षानुवर्षे निमूट पडून राहतात. मग मद्यपान, मांसाहाराचे जड जेवण, शरीरातील पाणी कमी होणे, शस्त्रक्रिया, ताप किंवा लघवी वाढवणारी गोळी, अशा एखाद्या निमित्ताने काही स्फटिक सुटे होतात, पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि १२ ते २४ तासांत दाह शिगेला पोहोचतो. पहिला झटका बहुधा पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी येतो. घोटा, गुडघा, मनगट आणि कोपर ही पुढची ठिकाणे. काहीच उपचार केला नाही तरी झटका आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. याच कारणाने कुठलाही लेप किंवा काढा गुणकारी वाटू शकतो. आमवात हा आजार पूर्णपणे वेगळा आहे, त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली आमवाताची गोळी मागून घेऊ नये.

इंजेक्शन कोणासाठी

झटका शमवण्यासाठी तीन प्रकारची औषधे आहेत: नॅप्रॉक्सेनसारखी वेदनाशामके, कोल्चिसिन आणि स्टेरॉइड. स्टेरॉइड पोटातून देता येते, स्नायूत देता येते किंवा थेट सांध्यात. तरुण, निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला पहिल्या २४ तासांत गोळ्यांनी छान आराम पडतो आणि त्याला सुई टोचण्याची घाई करण्याचे कारण नाही. पण काकांचा विचार करा. क्रिएटिनिन १.९ असताना वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाला आणखी दुखावू शकते, म्हणून ती मी त्याच क्षणी बंद करायला सांगितली. कोल्चिसिन द्यायचे तर मात्रा बरीच खाली आणावी लागते. प्रेडनिसोलोनच्या ३० ते ३५ मिलिग्रॅमच्या गोळ्या पाच दिवस दिल्या तर साखर पाचही दिवस चढी राहते. अशा माणसाचा एकच मोठा सांधा सुजलेला असेल आणि त्यात जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली असेल, तर त्या सांध्यात दिलेले एक इंजेक्शन हा माझ्या मते सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. पोटात व्रण असलेल्यांना आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही हेच लागू होते. एकाच वेळी चार-पाच सांधे पेटले असतील तर मात्र प्रत्येकात सुई घालण्यात अर्थ नाही. तिथे पोटातूनच औषध द्यावे.

या उपायाचा इतिहास जुना आहे. कॉर्टिसोन या स्टेरॉइडवरील कामासाठी अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले आणि जोसेफ हॉलंडर यांनी १९५१ मध्ये सांध्यात थेट हायड्रोकॉर्टिसोन देण्याचे अनुभव मांडले. तेव्हापासून हा उपाय वापरात आहे. गाऊटच्या झटक्यासाठी यावर मोठ्या तुलनात्मक चाचण्या फारशा झालेल्या नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरीही दीर्घ अनुभवाच्या बळावर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी त्याला पहिल्या फळीत जागा दिली आहे.

आधी पाणी काढा, मग औषध घाला

या संपूर्ण प्रक्रियेत चुकीला सर्वांत महाग जागा ही आहे. गाऊटने लाल झालेला गुडघा आणि जंतुसंसर्गाने पू झालेला गुडघा बाहेरून एकसारखे दिसू शकतात. दोन्हींत ताप येतो, दोन्हींत रक्तातील पांढऱ्या पेशी वाढतात. पू असलेल्या सांध्यात स्टेरॉइड गेले तर जंतूंना मोकळे रान मिळते. ऐरोलीहून आलेल्या एका बाईंच्या बाबतीत हेच झाले होते. एका दवाखान्यात त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यातून पाणी न काढताच इंजेक्शन दिले गेले आणि माझ्याकडे त्या चौथ्या दिवशी १०२ तापात आल्या. सांधा शस्त्रक्रियेने धुवावा लागला आणि त्यांना धड चालता यायला दोन महिने गेले. ते दोन महिने एका सुईने वाचले असते, म्हणून मी या मुद्द्यावर कधीही तडजोड करत नाही.

काढलेले पाणी तीन गोष्टींसाठी तपासायला जाते: पांढऱ्या पेशींची संख्या, जंतूंसाठी ग्रॅम रंजन (रंग देऊन जंतू पाहणे) व कल्चर (जंतू वाढवून पाहणे), आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक. ही शेवटची सोय प्रत्येक प्रयोगशाळेत असतेच असे नाही, त्यामुळे नमुना पाठवण्याआधी फोन करून विचारावे आणि तो शक्यतो त्याच दिवशी काही तासांत पोहोचवावा. पेशींची संख्या ५०,००० च्या वर असेल तर संसर्गाचा संशय बळावतो. स्फटिक दिसले म्हणजे संसर्ग नाहीच, असेही म्हणता येत नाही. क्वचित दोन्ही एकत्र नांदतात. शंका असेल तर कल्चरचा अहवाल येईपर्यंत स्टेरॉइड थांबवावे आणि तोवर दुखण्यावर इतर उपाय करावेत.

डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता रुग्णाने आणि घरच्यांनी सांगाव्यात अशा काही गोष्टी आहेत. सांध्यावर किंवा जवळ जखम, पुरळ, गळू आहे का. त्या सांध्यात कृत्रिम सांधा बसवला आहे का किंवा पुढच्या तीन महिन्यांत बसवायचा ठरला आहे का. नुकतेच पडलात का. भूल देण्याच्या औषधाची किंवा स्टेरॉइडची ॲलर्जी आहे का. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन यांसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का. या गोळ्या परस्पर बंद करू नका, कारण बहुतेकदा त्या चालू ठेवूनच इंजेक्शन देता येते. वॉरफरिन असेल तर आयएनआरचा (रक्त गोठण्याच्या चाचणीचा) ताजा अहवाल सोबत आणा. मधुमेहींनी मागच्या आठवड्याच्या साखरेच्या नोंदी आणाव्यात. साखर आधीच ३०० च्या पुढे असेल तर आधी ती आटोक्यात आणणे बरे.

त्या दिवशी

काकांना उताणे झोपवून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला, म्हणजे सांधा किंचित वाकलेला आणि स्नायू सैल राहतात. वाटीच्या बाहेरच्या कडेला पेनाने खूण केली, जंतुनाशक लावले आणि ते पूर्ण सुकू दिले. ओल्या औषधावर सुई घालण्याची घाई करू नये. त्वचेत लिग्नोकेन हे बधिर करणारे औषध थोडे दिल्यावर जाड सुईने ४५ मिलिलिटर पाणी निघाले. ते गढूळ पिवळे होते. काचेची नळी केसपेपरसमोर धरली तर पलीकडची अक्षरे वाचता येत नव्हती. निरोगी सांध्यातले पाणी तेलासारखे स्वच्छ असते आणि त्यातून छापील मजकूर सहज वाचता येतो. एवढे पाणी निघाल्यावरच काकांचा चेहरा थोडा सैल झाला, कारण निम्मी वेदना आतल्या दाबाची असते. पेशी २२,००० निघाल्या, ग्रॅम रंजनात जंतू दिसले नाहीत आणि सुईसारखे स्फटिक भरपूर दिसले. त्याच दुपारी ट्रायॲम्सिनोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅम सांध्यात दिले. कल्चरचा अहवाल यायचा होता, तरी ताप नव्हता, त्वचा शाबूत होती आणि बाकी सारे चित्र गाऊटचे होते. शिवाय दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहण्याचे ठरलेलेच होते.

गुडघ्यासाठी सामान्यतः ट्रायॲम्सिनोलोन ४० मिलिग्रॅम किंवा मिथिलप्रेडनिसोलोन ४० ते ८० मिलिग्रॅम वापरतात. घोटा, मनगट व कोपर यांना त्याहून कमी आणि अंगठ्याच्या सांध्याला १० मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. औषध ढकलताना जोर लागत असेल तर सुई सांध्यात नाही, कदाचित स्नायुबंधात आहे, असे समजून ती हलवावी लागते. अंगठ्यासारख्या लहान सांध्यात सोनोग्राफीच्या मदतीने सुई नेमकी पोहोचते. तिथे औषध बाहेर झिरपले तर वरची त्वचा पातळ होते किंवा तिच्यावर पांढरट डाग पडतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो उठून दिसतो आणि जायला महिने लागतात, म्हणून याची कल्पना आधीच दिली पाहिजे. घेतलेल्या औषधाचे नाव, मात्रा, सांधा आणि तारीख केसपेपरवर लिहून घ्या. "सांध्यात इंजेक्शन दिले" एवढ्यावर समाधान मानू नका, कारण पुढच्या वेळी अंतर मोजायला हीच नोंद लागते.

पहिले ४८ तास

लिग्नोकेनमुळे लगेच बरे वाटते, तो परिणाम तासा-दोन तासांत ओसरतो आणि दुखणे परतते. इंजेक्शन वाया गेले असे वाटून त्या रात्री घाबरेघुबरे फोन येतात. स्टेरॉइडचा खरा परिणाम साधारण एका दिवसानंतर जाणवू लागतो. या काळात पाय उंचावर ठेवावा, पातळ फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावा आणि शौचालयापुरतेच चालावे. गरम शेक, तेल लावून रगडणे आणि घट्ट क्रेप बँडेज बांधणे टाळावे. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी दोन दिवस खाली उतरू नये आणि ठाणे स्थानकाचे जिने व लोकलमधील उभ्याचा प्रवास किमान आठवडाभर पुढे ढकलावा. रजेचे प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका.

काही जणांना पहिल्या २४ तासांत दुखणे उलट वाढते. औषधाचेच कण सांध्याला चाळवतात. हा त्रास एक ते तीन दिवसांत, बर्फाने व पॅरासिटामॉलने निवतो. संसर्गाची चाल याच्या उलटी असते: आधी बरे वाटते, मग दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा दुखणे चढू लागते, ताप किंवा थंडी वाजते, सांधा अजिबात हलवता येत नाही. असा संसर्ग दुर्मीळ आहे, पण त्यात सकाळची वाट पाहू नये. रात्रीच्या वेळीही रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय किंवा जे जवळ असेल ते. तिथे पोहोचताच "सांध्यात अमुक तारखेला स्टेरॉइड घेतले आहे" हे वाक्य पहिल्यांदा सांगावे.

मधुमेहींची साखर पहिल्या दिवसापासून चढते आणि दोन ते पाच दिवस, क्वचित आठवडाभर चढी राहते. ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी आणि तिन्ही जेवणांनंतर दोन तासांनी, असे पाच दिवस तपासावे. काकांची साखर दुसऱ्या दिवशी जेवणानंतर २८६ गेली आणि सहाव्या दिवशी पुन्हा १७० च्या घरात आली. आकडा वारंवार ३०० ओलांडत असेल तर डॉक्टरांना कळवा, इन्सुलिनची मात्रा स्वतः वाढवू नका. रक्तदाबही काहींचा थोडा वाढतो. चेहरा एक-दोन दिवस लालसर, गरम होऊ शकतो. तो आपोआप ओसरतो. स्त्रियांची पाळी मागेपुढे होऊ शकते. मात्र पाळी कायमची बंद झालेल्या स्त्रीला रक्तस्राव झाला तर तो इंजेक्शनमुळे असेल असे समजून सोडून देऊ नये, तपासून घ्यावा.

वही आणि टेप

काकूंना मी शाळेची साधी दोनशे पानी वही आणि शिवणकामाचा टेप वापरायला सांगितले. वाटीच्या मध्यावर पेनाने खूण करून, पाय सरळ ठेवून, दोन्ही गुडघ्यांचा घेर रोज सकाळी त्याच जागी मोजायचा. पहिल्या दिवशी उजवा ४३ सेंटिमीटर आणि डावा ३८ होता. दुसऱ्या दिवशी उजवा ४०.५, तिसऱ्या दिवशी ३९.५, आठव्या दिवशी ३८.५. त्याशेजारी सकाळ-संध्याकाळ वेदना शून्य ते दहाच्या मापात, तापमान, साखर आणि त्या दिवशी कुठवर चाललो हे लिहायचे. हाताची मागची बाजू आधी चांगल्या आणि मग दुखऱ्या गुडघ्यावर ठेवून ऊब ताडून पाहायची. काकूंनी त्या रकान्याला "कढ" असे नाव दिले होते आणि तिसऱ्या दिवशी त्यात "कढ उतरला" अशी नोंद आहे. डॉक्टरला दहा प्रश्नांनी जे कळत नाही ते अशा नोंदीतून एका नजरेत कळते.

वेदना ४८ ते ७२ तासांत निदान निम्मी व्हायला हवी. झाली नाही तर दुसरे इंजेक्शन मागण्याऐवजी निदान पुन्हा तपासावे: संसर्ग, कॅल्शियमच्या स्फटिकांचा स्यूडोगाऊट, फाटलेली गादी, किंवा चुकलेली सुई. सूज उतरू लागल्यावर तिसऱ्या दिवसापासून गुडघ्याखालचा टॉवेल मांडीच्या स्नायूने खाली दाबून पाच सेकंद धरण्याचा व्यायाम दहा-दहा वेळा सुरू करावा, कारण सुजलेल्या सांध्याभोवतीचे स्नायू फार लवकर क्षीण होतात. दुखणे नसेल तर आठवड्यानंतर सपाट रस्त्यावर चालावे. तलावपाळीची फेरी चालेल, येऊरचा चढ नको.

सूज उतरल्यावरचे काम

झटका चालू असताना युरिक ॲसिड कमी किंवा चक्क सामान्य येऊ शकते. त्या एका अहवालावर "गाऊट नाही" असा शिक्का मारू नये. झटका पूर्ण ओसरल्यावर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे, सोबत क्रिएटिनिन आणि यकृताच्या चाचण्या कराव्यात. काकांचे युरिक ॲसिड झटक्याच्या दिवशी ६.४ होते आणि तीन आठवड्यांनी ८.९ आले.

वर्षात दोन किंवा अधिक झटके, त्वचेखाली गाठी, क्ष-किरणात हाडाची झीज, मूत्रपिंडाचा आजार किंवा खडे, यांपैकी काही असेल तर युरिक ॲसिड कमी करणारे औषध रोज घ्यावे. ॲलोप्युरिनॉल दिवसाला १०० मिलिग्रॅमने, मूत्रपिंड कमजोर असेल तर ५० ने सुरू करतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी तपासणी करून मात्रा वाढवतात. लक्ष्य ६ च्या खाली. गाठी असतील तर ५ च्या खाली. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत जुने स्फटिक विरघळू लागतात आणि त्या गडबडीत झटके येऊ शकतात, म्हणून तीन ते सहा महिने कमी मात्रेत कोल्चिसिनचे संरक्षण देतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक घेताना कोल्चिसिन चालू असल्याचे आवर्जून सांगा. दोन्ही एकत्र जिवावर बेतू शकतात. ॲलोप्युरिनॉलवर अंगावर पुरळ उठले, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टरांना गाठा. एवढा अपवाद सोडला तर झटका आला म्हणून चालू असलेली गोळी बंद करू नये.

आहाराबद्दल थोडेच सांगतो, कारण पथ्याने युरिक ॲसिड साधारण एका मिलिग्रॅमपलीकडे उतरत नाही. भेजा, कलेजी, बिअर आणि गोड शीतपेये यांना रजा द्या. तिसऱ्या, तारली, मांदेली आणि सुकट क्वचितच, थोड्या प्रमाणात घ्या. डाळ, पालक, टोमॅटो घरोघरी बंद केले जातात, ते अनावश्यक आहे. ताक आणि दही चांगले. पाणी भरपूर प्यावे, पण हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी घातलेली मर्यादा पाळूनच.

पुन्हा झटका आला तर पुन्हा इंजेक्शन देता येते, पण एकाच सांध्यात किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवतात आणि वर्षात तीन-चारपेक्षा अधिक देत नाहीत, कारण वारंवारच्या मात्रेने कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झिजू शकते. एका वर्षात दुसऱ्यांदा सुई लागली, तर माझ्या लेखी तो युरिक ॲसिडचे औषध अपुरे पडत असल्याचा निरोप असतो.

काका सहाव्या आठवड्यात एकटे, रिक्षाने आले. वहीच्या शेवटच्या पानावर काकूंच्या अक्षरात लिहिले होते: दोन्ही गुडघे ३८, गोळी ५० ची १०० केली, युरिक ७.६, पुढची तपासणी दसऱ्यानंतरच्या सोमवारी, रिपोर्ट आधी काढणे.